केपटाउनचा झाडू, नागपूरचा खराटा

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
६ एप्रिल २०२५

ती. कांताआत्यास,
दीपाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी फोटो काढून पाठवलं. निम्म्या फोटोत त्यांचा अंगठा आलाय, पण वाचता आलं. तुझं कानाचं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं, म्हणून हे पत्रांचं सुरू झालं. ऑफिसातल्या लोकांना सांगितलं की मी आत्याला हाताने पत्र लिहिते, तर ते माझ्याकडे म्युझियममधल्या वस्तूसारखं बघायला लागले. मला मात्र आवडायला लागलंय.

माझी सायकल गेल्या आठवड्यात चोरीला गेली. इथे ते झालं की माणूस या गावचा झाला असं मानतात, त्यामुळे सगळ्यांनी अभिनंदन केलं. आता मोठी बातमी. मी नाटकात आहे! घाबरू नकोस, स्टेजवर नाही. स्टेजवरचं सामान सांभाळायचं काम आहे.

खालच्या मजल्यावरचे वेस्ली अंकल तुला माहीत आहेत, माझा भाजीवाला डबा चाटूनपुसून परत करतात ते. मूळचे केपटाउनचे, वय पंचाहत्तरच्या पुढे, इथे आयुष्यभर ट्राम चालवली. परवा कळलं की ते तरुणपणी नट होते. तिकडे तेव्हा काळ्या-गोऱ्यांनी एका स्टेजवर काम करायचं नाही, एका कपाने पाणी प्यायचं नाही, असा कायदाच होता. यांनी आणि हेस्टर नावाच्या एका गोऱ्या मुलीने मिळून दोघांचंच नाटक लिहिलं आणि चोरून केलं. रिकाम्या हॉलमध्ये एक बाई लवकर येऊन बसते, तिथे झाडणारा माणूस असतो, दोघं बोलायला लागतात, एवढीच गोष्ट. हॉलच्या कागदावर वेस्ली अंकल झाडूवाले म्हणून लागले होते. दारावर थाप पडली की ते खाली मान घालून झाडायला लागायचे आणि हेस्टर पेपर वाचायला लागायची, समोरची मोजकी माणसं सभेला लवकर आल्यासारखी बसायची. पोलीस आत यायचे, बघायचे आणि निघून जायचे.

शेवटच्या प्रवेशात तो माणूस झाडू ठेवतो आणि बाईबरोबर नाचतो. तेवढं मात्र त्यांनी एकदाही केलं नाही. हात धरलेले कुणी पाहिले असते तर सरळ तुरुंग. म्हणून तो झाडू ठेवायला निघाला की दिवे घालवायचे. पुढे दोघंही देश सोडून इकडे आले. हेस्टर इथून जवळच हार्लेमला, हे इथे. पोटापाण्याच्या मागे नाटक राहून गेलं. आता जुलैमध्ये वेस्ली अंकल कायमचे लेकीकडे केपटाउनला चाललेत. त्याआधी १४ जूनला आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये ते नाटक करायचं आणि या वेळी शेवटासकट करायचं, असा त्यांनी हट्ट धरलाय. एकदा तो नाच होऊ दे, मग मी सुखाने विमानात बसतो, असं म्हणतात.

फक्त एक गोष्ट मला खुपतेय. तो झाडू. लांब दांड्याचा, काड्यांचा, तिकडून आणलेला तोच जुना. अख्खं नाटकभर तो त्यांच्या हातात. मला सारखी आबांची आठवण येते. आपल्या घरातलं कुणी स्टेजवर झाडू धरणार नाही, असं ते म्हणायचे ना? ते नेमकं का, हे मला कुणी नीट सांगितलंच नाही. लिही.

बाबांना म्हणावं अंगठा आवरा. माझ्यावरची माया अशीच उतू जाऊ दे.

तुझी,
दीपा

•

नागपूर,
१२ एप्रिल २०२५

चि. धम्मदीपास,
कांताआत्याचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळाले. सायकल गेल्याचे अभिनंदन करणारे ते कसले लोक बापा! कुलूप लावले होते का? नसणारच. इकडे जयंतीची धामधूम आहे. तुझ्या बाबाने, म्हणजे आमच्या भीमसेनाने, गल्लीभर निळी झालर स्वतः शिडीवर चढून लावली आणि आता कंबर धरून बसला आहे.

आणि हे हेस्टर, हेस्टर काय लावले आहेस? माझ्या वयाची बाई ती. मावशी म्हणत जा.

आबांचे विचारलेस ते बरे केलेस. तुझे आजोबा कामठीला गिरणीत होते, पण गळा असा की रस्त्याने जाणारा थांबायचा. तिथल्या एका हौशी नाटक मंडळीने त्यांना बोलावून घेतले. सगळी वरच्या आळीतली मंडळी. आबा आनंदाने गेले. तर दर नाटकात यांना एकच काम, झाडूवाल्याचे! राजाचे नाटक असो की डॉक्टरचे, पडदा उघडला की आबा झाडतायत, दोन ओळी गातायत आणि आत जातायत. चहा मागच्या दाराने, वेगळ्या कपात. एकदा आबांनी विचारले की मला शेतकऱ्याचे तरी काम द्या. ते म्हणाले, तुम्हाला हेच शोभून दिसते. आबांनी झाडू तिथेच ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी म्हणाले की यापुढे या घरातले कुणी स्टेजवर झाडू धरणार नाही. मग स्वतःचा जलसा काढला.

गंमत अशी, की त्या मंडळीतला पेटीवाला त्यांच्या मागे मागे आला. विश्वासकाका. ब्राह्मणाघरचा मुलगा. त्याच्या घरच्यांनी त्याला दार लावून घेतले, तर आपल्या ओट्यावर झोपायचा. आता जलशाआधी चौथरा झाडायला तर हवा. आबा हात लावणार नाहीत, म्हणून विश्वासकाका पुढे झाले. आयुष्यात कधी खराटा धरलेला नाही! पहिल्या दिवशी उचलला तोच उलटा, काड्या वर आणि दांडा खाली. मी आठ-नऊ वर्षांची, मीच त्यांच्या हातात सरळ करून दिला. मग झाडले असे की पहिल्या रांगेच्या डोळ्यांत धूळ, आणि आबा हसून हसून गाणे विसरले. पुढे पुष्कळ वर्षे त्या दोघांनी जलसा केला.

तेव्हा तुझ्या त्या अंकलला सांग, आता झाडूची गरज काय? मी तिथे असते तर केव्हाच नेऊन टाकला असता.

सायकलला दोन कुलपे लाव. इकडे सगळे खुशाल, तू तशीच असावीस.

तुझी आत्या,
कांता

•

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
४ मे २०२५

ती. आत्यास,
दीपाचा जयभीम. वि. वि.

आत्या, माझ्या हातून भयंकर घोळ झालाय. लिहायलाही लाज वाटतेय.

तुझं पत्र वाचून माझं रक्त असं तापलं म्हणून सांगू! आबांची ती वेगळी कपबशी डोळ्यांसमोरून जाईना. वाटलं, या माणसाने पन्नास वर्षं तो झाडू जपलाय, कुणीतरी त्याच्या हातातून तो काढून घ्यायला हवा. इथे महिन्यातून एकदा मोठा कचरा न्यायला गाडी येते. लोक गाद्या, कपाटं खाली आणून ठेवतात. मी सामानाच्या खोलीतून झाडू उचलला आणि एका फाटक्या सोफ्यावर ठेवून दिला. गाडी आली आणि घेऊन गेली. मला वाटलं, मी काय थोर काम केलं. झाडूच्या जागी एक छानशी काळी छत्री विकत आणून ठेवली. म्हटलं, आता पाहुण्यासारखे या स्टेजवर, छत्री घेऊन.

वेस्ली अंकलनी छत्री पाहिली. झाडू कुठे आहे असं एकदाच विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आमच्या आजोबांचंही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले की सुरुवात करू या. पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही नाही. अर्धा तास नुसते उभे होते गं, छत्री हातात घेऊन. शेवटी छत्री खुर्चीला अडकवून घरी निघून गेले.

मग हेस्टरने, बरं बाई, हेस्टरमावशीने मला बाजूला बसवून सांगितलं. तेव्हा यांना तालीम करायला जागा नव्हती, परवानगी तर नव्हतीच. वेस्ली अंकल खरोखरचे हॉल झाडत झाडत वाक्यं पाठ करायचे. झाडूच्या एका फटक्याला एक वाक्य. काड्यांचा तो आवाज झाला की वाक्य आपसूक तोंडात येतं, नाहीतर येत नाही. मावशी म्हणाल्या, लोकांना वाटतं झाडू म्हणजे त्याचा अपमान, पण त्याच झाडूने आम्ही पोलिसांना वर्षानुवर्षं मूर्ख बनवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कचऱ्याच्या डेपोत फोन केला. तिथला माणूस चांगला होता, त्याने विचारलं की जुना झाडू हवाय का? आणि बराच वेळ हसला. इथल्या दुकानांतले सगळे झाडू आणून पाहिले. सगळ्यांना मऊ प्लॅस्टिकचे केस, फरशीवरून फिरले तरी मांजर गेल्यासारखं. आवाजच नाही! वेस्ली अंकल माझ्यावर रागावलेले नाहीत, तेच जास्त वाईट आहे. डबा परत करतात, थँक यू म्हणतात. पण नाटक रद्द करा असं त्यांनी हॉलवाल्यांना सांगितलंय. मी पाया पडून, म्हणजे जवळजवळ पाया पडूनच, दोन आठवडे थांबायला लावलंय.

काय करू ते सांग. रागाव, पण सांग.

तुझी मूर्ख भाची,
दीपा

•

नागपूर,
९ मे २०२५

चि. धम्मदीपास,
आशीर्वाद. या वेळी जरा कमीच.

अगं, दुसऱ्याच्या घरातली वस्तू न विचारता कचऱ्यात टाकायची, हे तुला कुणी शिकवले? विचारायला तोंड नव्हते का? दोन दिवस मी तुझ्यावर धुसफुसत होते. मग भीमसेनाने माझेच आधीचे पत्र काढून माझ्यापुढे धरले. मी तिथे असते तर केव्हाच नेऊन टाकला असता, असे त्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते. याला फोटो काढायला सांगितले की हा सगळे जपून ठेवतो. तेव्हा निम्मी चूक माझी. निम्मीच बरं का.

तुझे ते आवाजाचे वाचले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आवाज पाहिजे ना? आपला रस्ता झाडायचा खराटा आहे की! नारळाच्या हिरांचा. पहाटे बायका गल्ली झाडतात तेव्हा त्याचा आवाज मला यंत्र काढून ठेवलेले असले तरी ऐकू येतो.

लगेच पिशवी घेऊन निघाले. वर ऊन असे की डोक्यावर तवा ठेवला तर पोळी भाजली असती. दुकानात गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले, दोन शाळांची हेडमास्तरीण होते, पण आबांची पोरगी खराटा मागायला दुकानात उभी आहे, हे माझे मलाच पटेना. आधी उगाच साबण मागितला, मग अगरबत्ती मागितली. दुकानदार म्हणाला, बाई, तुम्हाला नक्की काय पाहिजे? तेव्हा हळूच सांगितले. त्याने चार जाती पुढे टाकल्या. मी प्रत्येक खराटा दुकानासमोरच्या रस्त्यावर ओढून पाहिला. लोक बघत होते. बघू देत.

सगळ्यात जास्त खर्र आवाजाचा घेतला. शेजारच्या सुरेखाने पेपरातून डोकावणाऱ्या काड्या पाहून विचारले की काय आणलेत? मी म्हटले, नाटकाचे सामान. ती अजून बुचकळ्यात आहे.

तिकडेच नायमेखन गावाला असते ती तुझी मैत्रीण यामिनी इकडे माहेरी आली आहे ना? जयंतीच्या कार्यक्रमात तुझी तिची ओळख झाली, तीच. तिला घरी बोलावून पोहे खाऊ घातले आणि मग हळूच खराटा पुढे केला. पोरगी आधी हसली, मग बॅगेतले दोन ड्रेस काढून ठेवून तिने जागा केली. गुणी आहे. दांडा काही विमानात मावायचा नाही, तो तिकडे बघ. बांबूच घे, जाड घे.

त्या अंकलना माझा नमस्कार सांग आणि म्हणावे, नाटक रद्द करू नका, खराटा निघाला आहे.

रागावले तरी तुझीच,
कांताआत्या

•

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
१ जून २०२५

ती. आत्यास,
दीपाचा भरभरून जयभीम. वि. वि.

खराटा सुखरूप पोचला! विमानतळावर यामिनीची बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने खराटा वर धरला, वास घेतला, हलवून पाहिला. यामिनीने खरं तेच सांगितलं की एका म्हाताऱ्या नटाची वाक्यं यात आहेत. त्याने तिच्याकडे बघितलं, खराट्याकडे बघितलं आणि जा म्हणाला. बाईसाहेब त्याच दिवशी नायमेखनला जायच्या आधी खराटा इथे देऊन गेल्या.

बागेच्या सामानाच्या दुकानातून मी जाड बांबू आणला. वेस्ली अंकलनी स्वतः तो तासून बसवला, वर दोरी गुंडाळली. मग बाहेरच्या गॅलरीत गेले आणि एक फटका ओढला. खर्रर्र! थांबले. पुन्हा ओढला. आणि आत्या, वाक्यं सुटली गं! नळ सुटावा तशी. दोन पानं एका दमात. मी रडायलाच लागले. ते थांबले नाहीत, बोलत बोलत झाडत गॅलरीच्या टोकाला गेले आणि बोलत बोलत परत आले. आता रोज दोन वेळा तालीम चालते. आमच्या मजल्याची गॅलरी इतकी चकाचक झालीय की वरच्या मजल्यावाल्यांनी आमच्याकडेही तालीम करा म्हणून निरोप पाठवलाय.

तुझं हेडमास्तरीणबाईंचं दुकानातलं वाचून दाखवलं, इंग्रजीत करून. हेस्टरमावशी इतक्या हसल्या की चहा सांडला. वेस्ली अंकल हसले नाहीत. त्यांनी आबांचं नाव विचारून घेतलं आणि खराट्याला तुझं नाव दिलं. कांता. मावशी विचारतात, कांता कुठेय? कांता खोलीत ठेवलीस का?

आता अडचणीचं लिहिते. शेवटचा प्रवेश बसत नाहीये. वेस्ली अंकलना काठीशिवाय फार वेळ उभं राहवत नाही, नाटकभर ते खराट्याच्याच आधाराने असतात. वाकून तो खाली ठेवायचा तर पाठ धरते. टाकून द्यायला ते तयार नाहीत, कांताला कोण फेकणार म्हणतात. मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी खराटा नेऊन भिंतीला टेकवून परत यायचं म्हटलं तर गाणं संपून जातं. तो हातात आहे तोवर नाच नाही, आणि नाच नाही तर पुन्हा तेच, दिवे घालवा.

काल मावशी म्हणाल्या की कुणीतरी स्टेजवर येऊन तो त्यांच्या हातातून घ्यायला हवा आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. वेस्ली अंकल लगेच म्हणाले की नको, तिच्या आजोबांचा शब्द आहे. दुसऱ्या कुणाला तरी सांगू. पण आत्या, झाडू फेकला मी. आता दुसऱ्या कुणाला पुढे करून मी पडद्यामागे उभी राहू? आणि आबांचा शब्द मोडू का? मला काहीच ठरवता येत नाहीये. तू म्हणशील तसं करेन. नाही म्हणालीस तरी वाईट वाटून घेणार नाही. लवकर लिही, १४ तारीख जवळ आलीय.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
दीपा

•

नागपूर,
६ जून २०२५

चि. धम्मदीपास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळाले. माझे नाव खराट्याला दिले, हे भीमसेनाने सगळ्या गल्लीला सांगितले. आता पोरे मला बघून हसतात. सुरेखालाही अखेर उलगडा झाला.

उन्हाचा कहर आहे. कूलर खडखडतो, पण चालतो. आंब्याचे लोणचे घातले, एक बरणी तुझ्या नावाची आहे. यामिनीचे ड्रेस इथेच राहिले आहेत, धुऊन इस्त्री करून ठेवले आहेत, तिला कळव. त्या अंकलना म्हणावे, बांबूला तेलाचा हात फिरवा, चिरणार नाही. हेस्टरबाईंनी गुडघ्याला शेक घ्यावा.

काल संध्याकाळी आबांचा फोटो पुसायला काढला होता. विश्वासकाका बाजूला पेटी घेऊन बसले आहेत तो. पुसून पुन्हा खिळ्याला लावला.

बाकी तू विचारलेस ते वाचले. दोनदा उत्तर लिहायला घेतले आणि फाडले. आबा असते तर काय म्हणाले असते, ते मला सांगता येत नाही, आणि नसताना त्यांच्या नावाने मी काही सांगणार नाही. तू शहाणी आहेस. झाडू फेकायचा सोडला तर शहाणीच आहेस.

नीट जेवत जा.

तुझी,
कांताआत्या

•

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट,
१५ जून २०२५

ती. आत्यास,
दीपाचा सविनय जयभीम. वि. वि.

काल प्रयोग झाला. हॉल खचाखच भरला होता. यामिनी आली होती, आमचे सगळे शेजारी, सुरीनामी, घानावाले, डच, वेस्ली अंकलच्या ट्रामवरचे जुने सोबती. आधी तासभर भजी आणि केळ्याचे काप खाण्यातच गेला. इथे प्रयोग वेळेवर सुरू करायची फार शिस्त असते, पण आमच्या वस्तीत ती भज्यांपुढे टिकत नाही.

दिवे लागले, वेस्ली अंकल आले आणि पहिला खर्र झाला. एक वाक्य चुकलं नाही त्यांचं! मध्येच मावशींनी पेपर उघडला आणि अंकल खाली मान घालून झाडायला लागले. म्हणजे दारावर पोलीस आलेत हे लोकांना बरोबर कळलं. मग अंकलनी पेपराखालून मावशींना डोळा मारला, तेव्हा जो हशा पिकला! ट्रामवाले सोबती तर टाळ्या थांबवेनात.

मी पडद्याआड उभी होते. तुझं पत्र खिशात होतं. खरं सांगू का, उत्तर नाही म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. सामान सांभाळणारा दुसरा एक जण तयारीत उभा होता, मी नाही गेले तर त्याने जायचं असं ठरलं होतं. शेवटचा प्रवेश आला. अंकल थांबले. मावशी खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी हात पुढे केला. अंकल खराटा धरून उभे. दिवे घालवायची हीच ती जागा. मला एकदम आबा दिसले, कामठीच्या त्या स्टेजवर खराटा घेऊन उभे असलेले. त्यांच्या हातातून तो घ्यायला तेव्हा कुणीच पुढे आलं नव्हतं गं. मग मला थांबवेना. गेले.

वेस्ली अंकलनी मला पाहिलं. खराटा लगेच नाही दिला. डोळ्यांनी विचारलं, नक्की ना? मी मान हलवली. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि त्यांचा तोल जायच्या आत मावशींनी त्यांना धरलं. एकाला काठी नाही, दुसरीचा गुडघा नवा, दोघं एकमेकांना धरूनच उभे! त्यांच्याकडच्या नाचाचं गाणं लागलं आणि ते नाचले. नाचले म्हणजे काय, डुलले. पण आत्या, सगळं गाणं संपेपर्यंत! मावशी त्यांच्या कानात काहीतरी सांगत होत्या आणि ते खो खो हसत होते. मी बाजूला खराटा घेऊन ताठ उभी होते आणि मला नुसतं भरून येत होतं. लोक उठून उभे राहिले.

नंतर मी विचारलं की मावशी काय म्हणाल्या? तर त्या म्हणाल्या होत्या की पन्नास वर्षं थांबलास आणि शेवटी पाय माझ्याच पायावर दिलास.

यामिनीने व्हिडिओ काढलाय, बाबांच्या फोनवर पाठवलाय. वेस्ली अंकल कांताला घेऊन केपटाउनला जायचं म्हणतात, तुझी परवानगी असेल तर. आणि माझ्या वागण्याबद्दल जे वाटलं ते स्पष्ट लिही. या वेळी फाडू नकोस.

तुझीच,
दीपा

•

नागपूर,
२० जून २०२५

चि. धम्मदीपास,
कांताआत्याचे पोटभर आशीर्वाद व जयभीम.

व्हिडिओ आला त्या दिवशी मी रागवायच्या तयारीने बसले होते. खोटे कशाला सांगू. तू काय करणार हे मला ठाऊक होते. गप्प राहिले ते एवढ्याचसाठी, की हो म्हणायची माझी छाती होत नव्हती आणि नाही म्हणवत नव्हते.

भीमसेनाने फोन टीव्हीला जोडला. सुरेखा आली, गल्लीतल्या चार-पाच जणी आल्या. भाषा कुणालाच कळली नाही, पण पोलिसांच्या जागी सगळ्या गप्प झाल्या आणि डोळा मारला तिथे सगळ्या हसल्या. मी यंत्र काढून ठेवले होते. खराट्याचा आवाज तसाच ऐकू आला, अगदी आपल्या गल्लीतला.

मग तू आलीस. निळा कुडता चांगला दिसत होता. अंकलनी तुझ्या हातात खराटा दिला. तू तो घेतलास, ताठ उभी राहिलीस, मान वर केलीस. आणि मी जी हसत सुटले! भीमसेनाला वाटले मला काही झाले, तो पाणी आणायला धावला. मी त्याला सांगितले की मागे घे, पुन्हा लाव. पुन्हा पाहिले, पुन्हा हसले आणि मग रडायलाही आले.

अगं पोरी, खराटा उलटा धरला होतास! काड्या वर आणि दांडा खाली, विश्वासकाकांसारखा. त्या काड्या तुझ्या कपाळाला टोचत होत्या तरी तुला कळले नाही की काहीतरी चुकते आहे. आपल्या घरातल्या पोरीला खराटा कसा धरायचा तेसुद्धा माहीत नाही! आबांचा शब्द मोडला की काय म्हणून मी चार रात्री झोपले नव्हते, आणि इथे तो पुरा झालेला माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, अख्ख्या हॉलसमोर.

आबांचा फोटो टीव्हीसमोर धरून त्यांनाही दाखवले. फोटो काढताना भीमसेन हे वाचणारच आणि चिडवणारच, चिडवू दे.

अंकलना म्हणावे, कांताला खुशाल न्या. फक्त घरी पोचल्यावर एकदा तुमच्या दारासमोरचा रस्ता झाडून तो आवाज मला पाठवा. हेस्टरबाईंना नमस्कार. आणि तू बाबाला घरून व्हिडिओ फोन करतेस त्यात मागच्या कोपऱ्यात कोळ्याची जाळी लटकलेली दिसतात. एखादा मऊ झाडू आण आणि काढ. तो तरी नीट धरता येत असेल.

लोणच्याची बरणी यामिनी पुढच्या खेपेला आणेल. तिचे ड्रेस मात्र तिच्याच बॅगेत घालणार आहे.

तुझ्यावर हसणारी आणि त्याहून जास्त जीव लावणारी,
कांताआत्या